घर सोडवत नाही, त्याने काय करावे?



सज्जनहो, हा पाठ एका प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे आमचे आम्हांस मागाहून कळले. तेव्हा हे लिहिणे म्हणजे राहिलेले देणे फेडणे आहे, असेच वाचकांनी समजावे.

प्रतापगड म्हटले की बहुतेकांना जावळीच्या रानातला, अफजलखानाच्या भेटीचा किल्ला आठवतो. हा तो नव्हे. हा प्रतापगड महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या अंगाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. चहूकडे रान म्हणून याला झाडीपट्टी म्हणतात. धानाची शेती, आणि गावोगाव तळी नि बोड्या. टेकडीवर जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. दोन्ही ठिकाणी माथा टेकून जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

अशाच एका महाशिवरात्रीस आम्ही तेथे गेलो होतो. महादेवाला निघालेल्या मंडळींच्या जथ्याला या बाजूला पोहा म्हणतात. असे पोहे एकामागून एक ‘हर हर महादेव’ करीत येत होते. पळस फुलू लागला होता. गड उतरून आम्ही झाडाखाली टेकलो, तो एक साठीचे गृहस्थ जवळ येऊन बसले. आमच्या गळ्यातली माळ पाहून म्हणाले, “महाराज, एक विचारू का जी?”

आम्ही म्हटले, “विचारा ना, भाऊ.”

“मले पंढरीले पायी जावाचं हाये. वीस वर्सं झाली, मनात हाये. पोरं कमावती झाली. सून म्हणते, जा बाबा, आम्ही पाहतो घरचं. पैशाचीबी अडचण नाही. पण आषाढी आली का पाय उचलत नाही. घर सोडवत नाही जी. हे असं काऊन होते?”

आम्ही काय उत्तर द्यावे? जे तोंडात तयार होते तेच दिले. म्हटले, “भाऊ, पांडुरंगाच्या मनात येईल तेव्हा तो नेईल.” गृहस्थांनी हात जोडले आणि ते निघून गेले.

परतीच्या एसटीत मात्र आम्हांस चैन पडेना. हेच उत्तर पूर्वी आम्ही आमच्या थोरल्या बंधूंना देत आलो होतो. दरवर्षी ते म्हणत, ‘पुढच्या वर्षी नक्की.’ वारीसाठी पडशी शिवून घेतली होती, टाळ विकत आणले होते. अकरा वर्षे ती पडशी खुंटीला होती. बंधू गेले, तेव्हा वहिनींनी ती खाली काढली. टाळांची दोरी अगदी नवी होती, एकदाही हाताला गुंडाळलेली नव्हती. पांडुरंग नेईल हे खरेच, पण तो चालणाऱ्याला नेतो. बसलेल्याला त्याने उचलून न्यावे अशी आपण वाट पाहायची, आणि त्यालाच श्रद्धा म्हणायचे, हे बरे नव्हे.

म्हणून आता नीट विचार करू.

साहस म्हणजे काय?

आधी शब्द पाहावा. घर सोडून अनोळखी वाटेला लागणे याला आज आपण कौतुकाने साहस म्हणतो. पण हा शब्द जुन्या काळी इतका चांगला नव्हता बरे का! आपल्या धर्मशास्त्रात न्यायनिवाड्याचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘साहस’ हा एक विषय आहे, आणि तेथे त्याचा अर्थ बळजोरीने केलेला गुन्हा असा आहे. पुढे बेफिकीर धाडसालाही साहस म्हणू लागले. पूर आलेल्या नदीत पैजेवर उडी टाकणे हे त्या जातीचे साहस. त्याची आम्ही शिफारस करीत नाही.

आम्ही ज्याविषयी बोलतो आहोत त्याला मराठीत साधा शब्द आहे, धीर. धीर असलेल्या माणसाला भीती वाटत नाही, असे मुळीच नाही. त्यालाही वाटते. पण भीतीला घरी बसवून तो निघत नाही. तिला बरोबर घेऊनच निघतो. आणि दोन मुक्काम झाले की ती आपोआप मागे पडते. आमच्या अनुभवाने सांगतो, धीर घरात शोधून सापडत नाही. तो वाटेवर मिळतो. आपण चुकतो ते इथे. आधी धीर येऊ दे, मग निघू, असे म्हणतो. भाकरी पोटात गेल्याशिवाय भूक भागत नाही, तसे पाऊल पडल्याशिवाय धीर येत नाही.

मग पाऊल का पडत नाही? विचार करता तीन गाठी दिसतात. पहिली सवयीची, दुसरी तयारीची आणि तिसरी हिशेबाची. या तिन्ही कशा सुटतात याचे दाखले लांबून आणायला नकोत. प्रतापगडच्या आसपासच ते आहेत.

पहिली गाठ : सवय

आपण ज्याला सुख म्हणतो त्यातले पुष्कळसे सुख नसते, नुसती सवय असते. ठरल्या वेळी चहा, ठरलेली खाट, ठरलेली उशी. त्याने आनंद होतो का? मुळीच नाही. ते नसले की मात्र चिडचिड होते. असल्याने आनंद नाही आणि नसल्याने दुःख, ही सवयीची खूण ओळखून ठेवावी.

प्रतापगडच्या याच तालुक्यात नवेगाव बांधचे मोठे तळे आणि त्याभोवतीचे जंगल आहे. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. या रानाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मारुती चितमपल्ली सोलापूरचे. जन्म १९३२ चा. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे, मागांचे, उन्हाचे गाव. तेथल्या मुलाला रानाची ओढ लागली ती आई नि मामा यांच्यामुळे. कोइमतूरला वनविद्येचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात गेले, आणि बदल्या होत होत विदर्भाच्या रानात आले. नवेगाव बांधला त्यांनी वर्षांमागून वर्षे काढली.

आता पाहा, सरकारी नोकरीत रानातली बदली म्हणजे बहुतेकांना शिक्षा वाटते. शाळा नाही, दवाखाना नाही, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. असा माणूस शहरात परतायच्या खटपटीला लागतो. चितमपल्लींनी ती बदली शिक्षण मानली. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार हे रानाचे मोठे जाणकार. त्यांच्याबरोबर ते हिंडले. रानात राहणाऱ्या आदिवासींजवळ बसून त्यांनी पाखरांची नावे विचारली, झाडांचे गुण विचारले, आणि सारे टिपून ठेवले. अधिकारी असून शिष्य झाले. ही गोष्ट आम्हांस रानात राहण्यापेक्षाही अवघड वाटते, कारण खाटेची सवय सोडता येते, मोठेपणाची सुटता सुटत नाही.

त्यातून मराठीला काय मिळाले? पाखरांचे, झाडांचे, रानाचे शेकडो शब्द मिळाले, ग्रंथ मिळाले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव तर संत जनाबाईंच्या अभंगातून घेतलेले आहे. पिलांच्या चाऱ्यासाठी दूर देशी गेलेल्या पाखराचा दृष्टान्त त्या अभंगात आहे, हे वारकऱ्याला सांगायला नको. २००६ साली सोलापूरलाच साहित्यसंमेलन झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. ज्या गावातून मुलगा रानात गेला त्याच गावाने त्याला मानाने बोलावले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरात त्यांनी देह ठेवला. ५ नोव्हेंबर या त्यांच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबर या सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात.

व्यंकटेश माडगूळकरांचेही असेच. पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी करणारा हा लेखक याच भागातल्या नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिला आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक घेऊन आला. त्यांनी काही जन्मभराचे घर सोडले नाही. थोडे दिवसच सोडले. पण तेवढ्यानेही दृष्टी किती धुऊन निघते, ते पुस्तक वाचणाऱ्याला कळते.

दुसरी गाठ : तयारी

‘सगळी तयारी झाली की निघू’ असे म्हणणारा सहसा निघत नाही. आमच्या बंधूंचेच पाहा. पडशी झाली, टाळ झाले. मग गुडघा बरा होऊ द्या. गुडघा बरा झाला, तर धाकटीचे लग्न होऊ द्या. ते झाले, तर यंदा पाऊस लवकर आहे. कारणे खोटी नव्हती हो! एकेक कारण खरेच होते. पण खऱ्या कारणांचीसुद्धा माळ केली की तिची बेडी होते.

ज्यांना तयारीला एक दिवसही मिळाला नाही अशी माणसे प्रतापगडच्या शेजारी राहतात. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९५९ सालच्या मार्च महिन्यात ल्हासा येथून दलाई लामांना निघावे लागले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी माणसे हिमालय ओलांडून भारतात आली. पाठीवर मूल, हातात पोथी, आणि मागे सारे घरदार. पहिल्या वर्षांत त्यांतल्या पुष्कळांनी डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडून पोट भरले. पुढे भारतात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. त्यांतली ही गोठणगावजवळची १९७२ सालची.

आता विचार करा. जन्म बर्फाच्या देशात, जव आणि याक यांच्यात. आणि येऊन पडले कोठे, तर वैशाखात जमीन भाजून काढणाऱ्या धानाच्या मुलखात! भाषा वेगळी, अन्न वेगळे, हवा वेगळी. तरी ते येथे शेती करू लागले, त्यांनी आपले मठ उभारले, मुलांना शिकवले. थंडीच्या दिवसांत यांतली माणसे शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. आपल्यापैकी कित्येकांनी ते घेतलेही असतील.

येथे एक सावधगिरी ठेवावी. या लोकांच्या येण्याला साहस म्हणून टाळ्या वाजवणे योग्य नव्हे. त्यांनी सुख सोडले नाही, ते त्यांच्यापासून हिरावले गेले. ज्याचे घर गेले त्याच्यापुढे घर सोडण्याचे गोडवे गाणे हा निष्ठुरपणा होईल. पण त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट शिकता येते. माणसाच्या अंगी किती सोसण्याची शक्ती आहे, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. वेळ आली म्हणजे ती उघडी होते. ज्यांना परत यायचे घर उरले नाही तेही उभे राहिले. मग ज्याची सून ‘जा बाबा, आम्ही पाहतो’ म्हणते आहे, ज्याची खाट महिनाभराने तशीच त्याची वाट पाहणार आहे, त्याने पावसाचे आणि गुडघ्याचे किती दिवस ऐकावे?

नवेगावच्या तळ्यावर हिवाळ्यात परदेशची पाखरे उतरतात. पट्टकादंब नावाचे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आपल्या देशातल्या तळ्यांवर येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. त्यांना कोणी निरोप देत नाही आणि त्यांच्याजवळ शिदोरी नसते. मात्र एक आहे. ते थव्याने येतात. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे कामाला येईल.

तिसरी गाठ : हिशेब

‘जाऊन मिळणार काय?’ ही तिसरी गाठ. ही सुशिक्षितांत जास्त आढळते.

नवेगावचे तळे निसर्गाने केलेले नाही, माणसाने बांधलेले आहे. परंपरा सांगते की अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाळी घालून अडवल्या आणि पाणी साठवले. तेथल्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि त्यांतल्या एका माथ्यावर कोलासूर देव म्हणून कोलू पाटलांचेच ठाणे आहे. तळे बांधणाऱ्याला लोकांनी देव केले. ज्याने पाणी दिले त्याला याहून थोर पदवी या मुलखात नाही.

हे कोहळी लोक कोण? तळी बांधण्यात आणि ऊस लावण्यात प्रवीण असलेला हा शेतकरी समाज. त्यांच्यात अशी कथा आहे की चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्याने तेथे उसाची शेती पाहिली, आणि तेथल्या जाणत्या लोकांना आपल्याबरोबर आणले. तेच हे कोहळी. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण तिच्यातले मर्म पाहा. गंगेकाठचे पिकते शिवार सोडून दाट रानात यायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. जे आले त्यांनी हिशेब केला असता तर काय निघाला असता? पाळ घालायला आपला घाम, आणि पाणी पिणार पणतू. आज त्या तळ्यांच्या पाण्यावर धान होते, मासा होतो, पाखरू राहते. बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावेही कोणाला माहीत नाहीत.

यावरून असे दिसते की घर सोडण्याचे फळ नेहमी सोडणाऱ्याच्याच पदरात पडते असे नाही. वारीचेही तसेच. वारकरी परत आला म्हणजे त्याच्यापेक्षा त्याच्या घराला त्याचा लाभ अधिक झालेला दिसतो. रागीट बाप मवाळ होऊन येतो, घरात हरिपाठ सुरू होतो, नातवाला कोणी तरी चालत पंढरीला जाऊन आले हे पाहायला मिळते. याचा हिशेब वहीत कसा मांडणार?

निघणे आणि पळणे

आता कोणी रास्त शंका घेईल. तुम्ही सर्वांना घर सोडायला सांगता, मग संसार कोणी करावा? म्हातारी आई, दुभती गाय, पेरणीची वेळ, हे टाकून जाणे म्हणजे धर्म का?

मुळीच नव्हे. ज्याच्या जाण्याने दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो तो पळतो आहे, निघत नाही. निघणारा सांगून जातो, पळणारा सांगत नाही. निघणाऱ्याला कोठे जायचे ते ठाऊक असते, पळणाऱ्याला फक्त कोठून सुटायचे ते ठाऊक असते. आणि निघणारा काही तरी घेऊन परततो, किंवा जेथे जातो तेथे काही तरी उभे करतो. आपल्या संप्रदायाने म्हणूनच वारी सांगितली, वनवास सांगितला नाही. वारी या शब्दातच परत येणे आहे.

नामदेवराय पंढरीचे. महाद्वार सोडून ते उत्तरेला पंजाबापर्यंत गेले. घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ते पंढरीतच राहिले असते तरी थोरच होते. पण मग पंजाबातल्या गुरुद्वारात आज त्यांची वाणी कोणी गायली असती?

दुसरे हैबतबाबा. साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी मानाची चाकरी करणारे. ते सारे सोडून ते आळंदीस आले आणि माउलींच्या पायाशी राहिले. आज लाखो लोक ज्या पालखी सोहळ्यात चालतात त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी बसवली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यांना घोडे आणि तंबू पुरवले, तो मान आजही चालू आहे. दरबारातली शिस्त बाबांनी टाकून दिली नाही, ती देवाच्या दारी आणली. सोडणे असे असावे. हातातली विद्या सोडायची नाही, तिचा धनी बदलायचा.

आणि एक गोष्ट पुरुषांनी विशेष ध्यानात घ्यावी. घरचा एक वारीला जातो तेव्हा घरी राहणारे कोणी तरी त्याची वारी चालवीत असते. गोठ्यात रात्री कोण उठते, म्हाताऱ्याला औषध कोण देते, बांधावर पाणी पाहायला कोण जाते? त्या माणसाला वारीचे अर्धे पुण्य आहे. पुढच्या वर्षी त्याला, नाहीतर तिला, पाठवावे आणि आपण गोठा सांभाळावा. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या कितीतरी माउलींना आम्ही विचारले आहे, ‘आई, पहिल्यांदा घर सोडताना कसे वाटले?’ बहुतेकींचे उत्तर एकच, ‘चुलीची काळजी वाटली. दुसऱ्या मुक्कामाला चूल विसरले.’

आचरण

नुसता विचार करून गाठी सुटत नाहीत. म्हणून करायच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

एक. दिवस ठरवावा आणि चार माणसांना सांगून टाकावा. मनात ठेवलेला संकल्प मोडायला सोपा जातो.

दोन. एकदम पंढरी काढू नये. आधी जवळची यात्रा पायी करावी. प्रतापगडच्या आसपासच्या गावकऱ्यांनी गडावर पायीच जाऊन यावे. ज्याला दोन कोस जमले त्याला चार जमतात.

तीन. महिनाभर आधीपासून जमिनीवर घोंगडी टाकून निजावे आणि मिळेल ते, मिळेल तेव्हा खाण्याचा नेम करावा. नवी पायताणे वाटेसाठी ठेवू नयेत, ती आधी घरी घालून मऊ करावी.

चार. आठ दिवस घराच्या किल्ल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती द्याव्या आणि काही विचारू नये. आपल्यावाचून घर चालते, हे कळले की आरंभी वाईट वाटते. मग हलके वाटते.

पाच. ज्याला छातीचा, साखरेचा किंवा रक्तदाबाचा विकार आहे त्याने डॉक्टरांना विचारून, औषधे बरोबर घेऊनच निघावे. ज्याला चालणे शक्य नाही त्याने गाडीने जावे. देव पायांचे फोड मोजत नाही.

सहा. एकट्याने जाऊ नये. मघाशी हंसांच्या थव्याचे सांगितले ते यासाठी. दिंडीत सामील व्हावे. विदर्भातून कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी निघते, शेगावची निघते. दिंडीत टाळकरी दोहो बाजूंना असतात. पाय अडखळला तर मागचा सांभाळतो, आपला धीर संपला तर शेजाऱ्याचा उसना मिळतो. दिंडीची सारी रचना यासाठीच आहे, की कोणा एकाजवळ पुरता धीर नसला तरी सर्वांचा मिळून पुरावा.

शेवटचे

प्रतापगडच्या पायथ्याशी भेटलेल्या त्या भाऊंचे नाव आम्ही विचारले नाही, गावही विचारले नाही. ही आमची चूक. हा अंक त्यांच्या हाती पडेल की नाही, कोण जाणे. अर्जुनीकडच्या कोणा वाचकाने ओळखले तर त्यांना एवढे सांगावे.

भाऊ, तुमचे पाय उचलत नाहीत यात लाजण्यासारखे काही नाही. घरावर माया आहे म्हणून ते जड झाले आहेत, आणि माया वाईट नाही. पण वीस वर्षे जी गोष्ट मनातून गेली नाही ती आता आपोआप जाणार नाही, आणि आपोआप होणारही नाही. तुम्ही त्या दिवशी महादेवाचा गड चढून उतरला होता. साठीच्या माणसाने तो चढ चढताना कोणाला विचारले का, की मला धीर आहे की नाही? पुढचे पोह्याचे लोक चालले होते, तुम्ही मागून चाललात. पंढरीची वाटही तशीच आहे. लांब आहे, इतकेच.

सुनेला म्हणावे, पडशी दे. ती खुंटीवर ठेवू नका. दाराशी ठेवा.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥